अंदाजपत्रकात शाळा शोधणारे बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिल रोजी परभणी जिल्ह्यातील गावोगावी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती मोठ्या श्रद्धेने साजरी होते. संविधानाचे शिल्पकार, समतेच्या लढ्याचे सेनानी, दलितांचे उद्धारक अशा विविध रूपांत त्यांचे स्मरण केले जाते. ते योग्यच आहे. तथापि या गौरवात त्यांचे एक रूप बहुधा मागे राहते. बाबासाहेब हे मुळात सरकारी जमाखर्चाचे अभ्यासक होते. शासन कोणत्या खात्यावर किती पैसा खर्च करते, तो कोणाच्या खिशातून येतो आणि कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो, हा त्यांच्या विद्वत्तेचा खास विषय होता. शाळेत शिरलेले मूल तेथे किती वर्षे टिकेल आणि काय शिकून बाहेर पडेल हे पुष्कळ अंशी शासनाच्या धोरणावर अवलंबून असते, ही गोष्ट त्यांनी आकड्यांनी मांडली. त्याआधी ती स्वतःच्या आयुष्यात अनुभवली होती. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा हा एकच धागा हाती घेतला आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरातील एक माणूस त्या काळी शिक्षक कसा होऊ शकला, हा प्रश्न येथे थांबून विचारण्यासारखा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण घेणे भाग होते. गावच्या शाळेने ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांच्या काही कुटुंबांत लष्कराच्या या एका नियमामुळे पाटी-पेन्सिल आली. पुढे १८९० च्या दशकाच्या प्रारंभी महारांची लष्करभरती बंद झाली आणि ती वाटही मिटली. एका सरकारी आदेशाने दार उघडले, दुसऱ्याने ते बंद झाले. भीमराव हे ते दार उघडे असतानाच्या पिढीचे अपत्य होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून मानण्याचे ठरविले आहे. शाळा सरकारी होती म्हणून प्रवेश मिळाला. परंतु बसायला वेगळी जागा, घरून नेलेले तरटाचे बसकर आणि शिपाई नसला तर दिवसभर पाण्याविना राहणे, हेही त्याच शाळेत होते. कागदावरचा प्रवेश आणि वर्गातील वागणूक यांतले अंतर त्यांना बालवयातच कळले. मुंबईस आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फार्सी घ्यावी लागली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. आजच्या गुणवत्ता याद्यांत हा विद्यार्थी कोठे असता, याचा वाचकांनीच विचार करावा! परळच्या चाळीतील एका खोलीत, पहाटे दिव्याच्या उजेडात अभ्यास करून मिळविलेले ते गुण होते. पुढे शिकविण्याची वडिलांची ऐपत नव्हती. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. २८२ गुणांचा तो विद्यार्थी तिच्या आधारावर पदवीधर झाला. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड मिळणार होते आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते १९१५ मध्ये एम. ए. झाले. त्यानंतर लंडनला गेले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपताच अर्धवट अभ्यास टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच होती, जिद्द तीच होती. पैसा थांबला तेव्हा शिक्षण थांबले.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्यास राहायला घर मिळाले नाही आणि अल्पावधीतच त्यांना मुंबईस परतावे लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, याचा तो शोध होता. विषय रुक्ष वाटेल. परंतु शाळा, दवाखाने आणि रस्ते यांच्यासाठी प्रांतांच्या हाती काय उरते, याचे उत्तर त्याच वाटणीत दडलेले असते.

या अभ्यासाचा उपयोग करण्याची संधी लवकरच आली. १९२७ च्या प्रारंभी मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून त्यांनी शपथ घेतली आणि १२ मार्च रोजी शिक्षण खात्याच्या अनुदानावर ते बोलले. हे भाषण आजही वाचावे असे आहे. त्यांनी सभागृहाला हिशेब मांडून दाखविला. मुंबई इलाख्यात शिक्षणावर दरडोई केवळ चौदा आणे खर्च होत होते, तर दारूच्या अबकारी उत्पन्नातून सरकार त्याच प्रजेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करीत होते. अबकारीतून जेवढे घेतो तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची माफक मागणी होती. मुलांच्या शिक्षणाची प्रगती याच वेगाने चालली तर शाळेच्या वयाची सर्व मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि सर्व मुलींना तीनशे वर्षे, असा अधिकृत अंदाज त्यांनी सभागृहापुढे ठेवला.

यापुढचा आकडा अधिक विदारक होता. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचत होती. उरलेली ब्याऐंशी मुले अधेमधे गळून पुन्हा निरक्षर होत होती. म्हणजे त्यांच्यावर झालेला तुटपुंजा खर्चही वाया जात होता. बाबासाहेबांचा मुद्दा असा की, शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडावे, एवढी तरी प्राथमिक शिक्षणावरील खर्चाची व्यवस्था हवी. पटावरील संख्येवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक खात्याला हा मुद्दा अडचणीचा वाटतो. तेव्हाही वाटला असणार.

फीविषयी त्यांनी तितकेच स्पष्ट मत मांडले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून येत होती. शिक्षणाचा असा व्यापार करू नये, उच्च शिक्षण खालच्या थरांतील लोकांना परवडेल इतके स्वस्त असावे, अशी त्यांची भूमिका होती. प्राथमिक शाळांचा कारभार १९२३ च्या कायद्याने स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे धोरणही त्यांना मान्य नव्हते. गावच्या सत्ताधाऱ्यांच्या हाती शाळेची किल्ली दिली तर गावकुसाबाहेरच्या मुलाचे काय होईल, हे साताऱ्याच्या वर्गात बसलेल्या माणसाला कोणी सांगावयाची गरज नव्हती. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. इतिहासाच्या पुस्तकांत तळे आले, आणि ते यायलाच हवे होते. परंतु आठ दिवसांपूर्वीचे ते आकडेही त्याच लढ्याचा भाग होते.

सर्वांना शाळा खुली आहे एवढे जाहीर करून भागत नाही, हे त्यांनी २९ मे १९२८ रोजी सायमन कमिशनला सादर केलेल्या निवेदनात सप्रमाण दाखविले. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. त्या प्रकरणापासून शासनाचे धोरण कसकसे बदलत गेले, याचा इतिहास त्यांनी त्यात दिला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अडविले, त्यांच्यासाठी शासनाने वेगळी आर्थिक तरतूद केलीच पाहिजे, हा त्यातील गाभा होय. त्यांच्या दृष्टीने या तरतुदीचे पहिले रूप म्हणजे वसतिगृह. हायस्कूल असे तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मूल असे खेड्यात. शहरात त्याला खोली देणारे कोणी नसे. म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले आणि पुढे सरकारी अनुदान मिळवून अन्यत्रही काढले.

वसतिगृहाचा प्रश्न परभणी जिल्ह्याला अजूनही परका नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविण्याचे धोरण शासनाने स्वीकारले, तसेच २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरिता संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली. अर्ध्या वर्षात शाळा सोडणारे मूल नापास होते ते बुद्धीने कमी म्हणून नव्हे, हे १९२७ च्या त्या अठरा मुलांच्या आकड्यावरून लक्षात यावे.

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सत्तेच्या जवळ गेल्याबरोबर त्यांनी जे पहिले मोठे निवेदन लिहिले, त्यात शिक्षणाच्या पैशाला महत्त्वाचे स्थान होते. मध्यवर्ती सरकार अलीगढ आणि बनारस या दोन विद्यापीठांना दरसाल प्रत्येकी तीन लाख रुपये अनुदान देत असे. मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारची तरतूद कोठे आहे, हा त्यांचा सरळ सवाल होता. विशेषतः विज्ञान व तंत्रशिक्षण महाग असल्याने सरकारी मदतीवाचून ते या मुलांच्या आवाक्यात येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. परिणामी शिष्यवृत्त्यांसाठी वार्षिक तीन लाख रुपये मंजूर झाले आणि काही विद्यार्थी परदेशीही जाऊ शकले. १९४४ पासून सुरू असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. तरुण वयात त्यांना एका महाराजांच्या मर्जीने शिष्यवृत्ती मिळाली होती. आता ती सरकारी अंदाजपत्रकात आली. माझ्या मते त्यांच्या शैक्षणिक कार्यातील हे सर्वांत दूरगामी पाऊल होते, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

हे सारे ब्रिटिश मुलखातले. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याचे शैक्षणिक नशीब निराळ्या दरबारात ठरत होते. दोन संस्थानांची तुलना येथे बोधप्रद ठरेल. बडोद्याने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. देशातील सर्वांत धनाढ्य राजा मात्र हैदराबादचा. त्या संस्थानाने १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापिले आणि भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी उपक्रम केला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला वरच्या इयत्तांत परक्या भाषेची भिंत लागे. लोकांनी स्वतः मराठी शाळा काढू म्हटले तर सरकारी परवानगीचे जाचक नियम आड येत. त्यातून हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू अशा ठिकाणी देशभक्त शिक्षकांनी मोठ्या कष्टाने शाळा चालविल्या. तरीही १९५१ च्या जनगणनेच्या वेळी हैदराबाद राज्यात शंभर माणसांमागे दहा माणसेदेखील साक्षर नव्हती. पैसा भरपूर असूनही धोरण सामान्यांकडे वळलेले नसले म्हणजे काय होते, याचे याहून वेगळे उदाहरण शोधावयास नको.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबर रोजी, दिल्लीत संविधान सभेपुढे मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कलम आले. सरकारची जबाबदारी केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करावी, अशी दुरुस्ती सुचविण्यात आली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला ठेवता येणार नाही असे संविधान सांगते. मग त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बालमजुरी आणि शाळा ही दोन कलमे त्यांनी एकमेकांना अशी जोडून दिली. त्याच वेळी, या शिक्षणावर प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे अशा अर्थाचे मसुद्यातील शब्द गाळण्यास त्यांनी मान्यता दिली आणि ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. न्यायालयात मागता येईल असा हक्क होण्यासाठी २००२ ची घटनादुरुस्ती व्हावी लागली आणि कायदा अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. संविधानाने दिलेली मुदत दहा वर्षांची होती; प्रत्यक्षात साठ वर्षे गेली. बाबासाहेबांनी त्या दिवशी हट्ट धरावयास हवा होता असे कोणास वाटेल. नव्या राष्ट्राच्या तिजोरीची अवस्था त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती, हेही ध्यानात घ्यावे.

मराठवाड्याशी त्यांचा प्रत्यक्ष शैक्षणिक संबंध जुळला तो १९५० मध्ये. त्या वेळी मराठवाडा म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे. मुलांनी पदवी घ्यायची तर बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले होते. आता त्यांनी औरंगाबादची निवड केली. हैदराबादेत अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी विश्वस्त निधी निर्माण झाला होता. त्यातून सोसायटीला कर्ज मिळाले. जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मिलिंद महाविद्यालय या नावाने पुढे ते विख्यात झाले. बाबासाहेब स्वतः येऊन बांधकाम पाहात, झाडे कोठे लावावीत हे सांगत. महाविद्यालय सर्व जातींना खुले होते आणि त्याबरोबर वसतिगृहही होते. त्याच १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले.

परभणीच्या दृष्टीने पाहिले तर एकाच वर्षात चित्र पालटले. निजामाच्या काळातील हैदराबाद-मनमाड लोहमार्ग १९०० पासून पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू या स्थानकांवरून जात होता. त्याच्या एका दिशेस, साठेक किलोमीटरवर, नांदेडचे महाविद्यालय आणि दुसऱ्या दिशेस, सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, औरंगाबादचे. वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन मुले त्या मीटरगेज गाडीत बसू लागली. मात्र गाडी असणे आणि महाविद्यालय असणे पुरेसे नव्हते. भूमिहीन घरातील मुलाच्या खिशात १९४४ ची ती शिष्यवृत्ती होती आणि राहायला नागसेनवनातील वसतिगृह होते, म्हणून तो परीक्षेपर्यंत टिकला. मिलिंदच्या या परिसरातून पुढे शिक्षक, वकील, अधिकारी निघाले आणि मराठी साहित्याला नवे वळण देणारे दलित लेखकही निघाले.

तीच शिष्यवृत्ती आजही चालू आहे. अलीकडच्या काळात तिचा भार केंद्र आणि राज्ये यांच्यात कोणी किती उचलावा यावरून बरेच अडले होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने साठ टक्के केंद्राचे व चाळीस टक्के राज्याचे असे प्रमाण ठरविले. केंद्र आणि प्रांत यांच्यातील महसुलाची वाटणी हा बाबासाहेबांच्या १९२५ मधील ग्रंथाचा विषय होता, हे वाचकांना स्मरत असेलच.

१९५६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील अखेरचे. त्याच वर्षी हैदराबाद सरकारने परभणी येथे कृषी महाविद्यालय सुरू केले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा तो पाया ठरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि परभणीसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी चौदा आण्यांचा हिशेब मांडला होता, त्याच मुंबईच्या शिक्षण खात्याकडे आता परभणीच्या शाळा आल्या. पस्तीस दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. औरंगाबादला त्यांनी लावून घेतलेली झाडे तेव्हा लहान होती.